देश एक, परवाना एक; बचाव मात्र परका

उल्हास खाडीवरील दुर्गाडीचा पूल ओलांडून कल्याणहून भिवंडीकडे जाणाऱ्या मालमोटारींची रांग रात्रीसुद्धा सहसा तुटत नाही. भिवंडी परिसरातील गोदामे, कल्याणची कृषी उत्पन्न बाजार समिती, डोंबिवली-अंबरनाथच्या औद्योगिक वसाहती यांच्यामुळे हा सारा पट्टा देशाच्या रस्ते वाहतुकीचा एक मोठा सांधा बनला आहे. पडघ्यावरून जुना आग्रा रस्ता उत्तरेकडे जातो, घोडबंदरमार्गे अहमदाबादचा रस्ता धरता येतो, शीळफाट्याकडून पुणे-बंगळूरची वाट मिळते. आणि मुरबाड, माळशेज घाट, अहिल्यानगर, परभणी, नांदेड असा जाणारा ६१ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग थेट तेलंगणातील निर्मल गाठतो. कल्याण पासिंगची 'एमएच ०५' गाडी आज निघाली, तर दुसरा दिवस मावळेपर्यंत ती गुजराती, कन्नड, तेलुगू किंवा हिंदी मुलखात असते.

त्या गाडीच्या चालकाच्या खिशातील परवाना साऱ्या देशात चालतो. १९८८ चा मोटार वाहन कायदा काश्मीरपासून कन्याकुमारीपर्यंत एकच आहे. फेब्रुवारी २०२१ पासून पथकरासाठी फास्टॅग सक्तीचा झाला आणि एकाच चिकटपट्टीवर देशभरातील नाक्यांचे पैसे कापले जाऊ लागले. त्याच वर्षी 'बीएच' ही संपूर्ण भारतासाठीची नोंदणीमालिका सुरू झाली. वाहनाची आणि परवान्याची माहिती एकाच राष्ट्रीय संगणकीय नोंदीत सापडते. कर, पथकर आणि दंड वसूल करताना आपला देश असा पूर्णपणे एक झाला आहे, आणि ही गोष्ट स्वागतार्हच आहे. परंतु याच चालकावर परराज्यात वाहतुकीचा एखादा आरोप ठेवला गेला आणि आपली बाजू मांडण्याची वेळ आली, की तो एकाएकी परका होतो. तेथील भाषा त्याची नसते, तेथे त्याच्या ओळखीचा वकील नसतो, जामीन राहणारा कोणी नसतो आणि पुढच्या तारखेपर्यंत थांबण्याइतका पैसाही नसतो. अशा वेळी त्याला कायद्याची मदत कोणी आणि कशी द्यायची, या प्रश्नाकडे शासनाने, वकीलवर्गाने आणि समाजानेही आजवर पुरेशा गांभीर्याने पाहिलेले नाही.

परमुलखातून आलेल्या वाहकाला अडवण्याची गोष्ट कल्याणला नवी नाही. पहिल्या शतकातील 'पेरिप्लस' या ग्रीक ग्रंथात 'कल्लिएना' म्हणून आपल्या या बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी येथे व्यापार रीतसर चालत असे. पण सत्ता बदलली, अडवणूक सुरू झाली आणि चुकून येथे लागलेली ग्रीक गलबते पहाऱ्यात भडोचला नेली जाऊ लागली, असे तो लेखक नोंदवतो. वाट चुकलेल्या नावाड्याला दाद मागायला तेव्हा जागा नव्हती, कारण राज्ये वेगळी होती आणि कायदेही वेगळे होते. आज राज्यघटनेच्या १९ व्या अनुच्छेदाने प्रत्येक नागरिकाला देशभर मुक्त संचाराचा हक्क दिला आहे आणि ३०१ व्या अनुच्छेदाने व्यापार-उदीम साऱ्या देशात मुक्त ठेवला आहे. हा हक्क महामार्गावर खरोखर किती उतरतो, हे पाहायचे असेल तर परराज्यात अडवलेल्या चालकाकडे पाहावे.

त्याची स्थिती कशी असते? गाडीत नाशवंत माल असतो. ठरलेल्या वेळेत तो पोहोचला नाही तर भाडे कापले जाते. गाडीच्या कर्जाचा हप्ता मालकाच्या डोक्यावर असतो आणि वाटखर्चाची मोजकी रक्कम चालकाच्या हातात असते. रस्त्यात अडवणारा अधिकारी जो आरोप सांगेल तो खरा की खोटा, त्याचे कलम कोणते, त्याला दंड किती, हे विचारण्याचे धैर्य अशा माणसाला कोठून येणार? आरोप मान्य करून पावती फाडावी, नाहीतर पावतीविना 'तोडपाणी' करावे, हेच त्याला शहाणपणाचे वाटते. महामार्गावरील चिरीमिरीचे मूळ केवळ अधिकाऱ्याच्या लोभात नाही, तर चालकाच्या असहायतेत आणि अज्ञानातही आहे. ज्याला न्यायालय दूर आणि अंधाऱ्या विवरासारखे वाटते, तो नाक्यावरच सौदा करणार. म्हणूनच परराज्यातील चालकाला कायदेशीर साहाय्य मिळणे हा त्याच्या एकट्याच्या सोयीचा विषय नसून सार्वजनिक जीवनातील शुचितेचाही विषय आहे.

२०१९ च्या दुरुस्तीनंतर या प्रश्नाची धार वाढली. त्या वर्षी १ सप्टेंबरपासून दंडाच्या रकमा अनेक पटींनी वाढल्या. परवान्याविना गाडी चालवण्याचा दंड ५०० रुपयांवरून ५,००० रुपये झाला. मद्यपान करून गाडी चालवल्यास पहिल्या गुन्ह्याला १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद झाली. जादा भारासाठी २,००० रुपये आणि प्रत्येक जादा टनामागे १,००० रुपये असत; त्याचे २०,००० आणि टनामागे २,००० रुपये झाले. अपघातांत दरवर्षी लाखाहून अधिक माणसे मरणाऱ्या देशात कठोर दंड असावेत, याविषयी दुमत असू नये. मात्र तडजोडीने दंड किती घ्यायचा, हे कलम २०० नुसार राज्ये ठरवतात. गुजरातने सप्टेंबर २०१९ मध्येच अनेक रकमा खाली आणल्या. महाराष्ट्राने नवे दर लागू केले ते डिसेंबर २०२१ मध्ये. एकाच गुन्ह्याची किंमत तलासरीला एक आणि सीमेपलीकडे दुसरी, ही स्थिती चालकाने कोठून समजून घ्यायची? कायदा एक असूनही त्याचे दरपत्रक राज्यागणिक बदलत असेल, तर ते दरपत्रक चालकाला वाचता येईल अशा भाषेत नाक्यावर लावलेले असणे ही किमान अपेक्षा आहे.

ई-चलान आल्यापासून तर चालक थांबलेलाही नसतो. कॅमेरा छायाचित्र टिपतो आणि काही दिवसांनी मालकाच्या मोबाइलवर संदेश येतो. यात माणसामाणसांतील देवघेव संपते, म्हणून ही पद्धत चांगली आहे. ऑगस्ट २०२१ मध्ये केंद्राने यासाठी नियम १६७ अ आणला. यंत्राला मान्यतेचे प्रमाणपत्र हवे, ते दरवर्षी नव्याने घ्यावे, कॅमेरा असल्याची सूचना रस्त्यावर ठळक असावी, छायाचित्रात गुन्हा आणि गाडीचा क्रमांक स्पष्ट दिसावा, दिनांक-वेळ-स्थळ नोंदलेले असावे आणि सूचना पंधरा दिवसांत पाठवावी, अशा अटी त्यात घालण्यात आल्या. या अटी नागरिकाच्या संरक्षणासाठी होत्या. परंतु त्या पाळल्या गेल्या नाहीत, असे म्हणायचे कोणाला आणि कोठे? एखाद्या भामट्याने कल्याणच्या गाडीचा क्रमांक आपल्या गाडीवर लावून दुसऱ्या राज्यात धुमाकूळ घातला, तर चलान कल्याणच्या निरपराध मालकाच्या नावे निघते. गाडी त्या दिवशी आधारवाडीला दारात उभी होती, हे त्याने सिद्ध करायचे ते शेकडो कोस दूरच्या न्यायालयात. तोवर चलान थकीत दिसते आणि गाडी विकताना वा कागदपत्रांचे नूतनीकरण करताना तेच आडवे येते.

वाहतूक चलानांसाठी आभासी न्यायालये सुरू झाली, हे मोठे पाऊल होते. दिल्लीत २०१९ मध्ये आणि महाराष्ट्रात २०२० मध्ये, नागपूर जिल्ह्यातील काटोल येथे, असे न्यायालय सुरू झाले. घरबसल्या दंड भरण्याची सोय त्याने झाली. मात्र आरोप मान्य नसेल, तर प्रकरण त्या त्या हद्दीच्या नियमित न्यायालयाकडे जाते आणि तेथे उभे राहणे आले. म्हणजे कबुली देणाऱ्यासाठी न्यायालय घरी येते आणि नाकारणाऱ्याला मात्र न्यायालयापर्यंत जावे लागते. हजार रुपयांच्या दंडासाठी चार दिवसांची मजुरी आणि प्रवासखर्च घालवण्यापेक्षा कल्याणचा चालक न केलेला गुन्हाही कबूल करून मोकळा होतो. लोकअदालतीचा मार्गही येथे अपुरा आहे. तेथे तडजोड होते, निर्दोषत्वाचा निवाडा होत नाही. शिवाय परराज्यातील चलानाची लोकअदालत त्या राज्यातच भरते.

विशेष म्हणजे, दूरच्या माणसाची अडचण कायदा करणाऱ्यांच्या ध्यानात आलीच नव्हती, असे नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम २०८ नुसार, केवळ दंडाची शिक्षा असलेल्या गुन्ह्यात आरोपीने स्वतः यावे किंवा वकिलामार्फत यावे, अथवा नोंदणीकृत टपालाने कबुली देऊन समन्सात नमूद केलेली रक्कम मनिऑर्डरने पाठवावी, असे समन्सावरच लिहिणे न्यायालयाला बंधनकारक आहे. वकिलामार्फत हजर राहण्याचा हा हक्क किती चालकांना ठाऊक आहे? आणि ज्या नोंदणीकृत टपालावर ही तरतूद उभी आहे, तेही सप्टेंबर २०२५ मध्ये स्पीड पोस्टात विलीन झाले. दंड वसूल करण्याची यंत्रणा संगणकयुगात आली, बचावाची यंत्रणा मनिऑर्डरच्या काळातच राहिली.

इतरही काही तरतुदी प्रत्येक चालकाला पाठ असायला हव्यात. कागदपत्रे जवळ नसतील तर ती पंधरा दिवसांत सादर करता येतात, असे केंद्रीय नियम १३९ सांगतो. नोव्हेंबर २०१८ पासून मोबाइलमधील इलेक्ट्रॉनिक स्वरूपातील कागदही त्याच नियमाने ग्राह्य आहेत. अधिकाऱ्याने परवाना जप्त केला तर कलम २०६ नुसार त्याने तात्पुरती पोच दिली पाहिजे आणि त्या पोचीवर गाडी चालवता येते. मद्यपानाच्या आरोपाखाली अटक झाली तर कलम २०२ नुसार दोन तासांच्या आत वैद्यकीय तपासणी व्हावी लागते; ती न झाल्यास सोडून द्यावे लागते. जादा भाराच्या बाबतीत तर कलम ११३ मालकाकडेच बोट दाखवते. चालक स्वतः मालक नसेल, तर गुन्हा मालकाच्या माहितीने किंवा हुकमाने झाला असे न्यायालय गृहीत धरू शकते. प्रत्यक्षात किती भार भरायचा हे माल पाठवणारा आणि मालक ठरवतात. दंड मात्र अनेकदा चालकाच्या पगारातून वळता होतो. शेजारी वकील असता, तर हे कलम त्याच्या कामी आले असते.

खरी परीक्षा होते ती अपघाताच्या वेळी. परमुलखात अपघात झाला, की चूक कोणाचीही असो, जमाव बाहेरच्या क्रमांकाची गाडी पाहतो. चालकाने जखमीला मदत करावी, असे कलम १३४ सांगते. पण जमावाच्या संतापामुळे ते शक्य नसेल तर तो अपवादही तेथेच मान्य केला आहे आणि अशा वेळी जवळच्या पोलीस ठाण्यात जाऊन वर्दी द्यावी, ही वाट दाखवली आहे. जानेवारी २०२४ च्या पहिल्या दोन दिवसांत देशभरातील मालमोटारी थांबल्या, पेट्रोल पंपांवर रांगा लागल्या, त्यामागे हीच भीती होती. अपघातानंतर वर्दी न देता पळून जाणाऱ्याला दहा वर्षांपर्यंत कैद सांगणाऱ्या भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(२) ला तो विरोध होता. केंद्र सरकारने वाहतूकदारांच्या संघटनेशी चर्चा केली आणि १ जुलै २०२४ रोजी नवे कायदे अमलात आले तेव्हा हे उपकलम बाजूला ठेवले गेले. कलमाच्या बऱ्यावाईटाची चर्चा होत राहील. पण आपण पोलीस ठाण्यात गेलो तर तेथे आपले कोणी ऐकून घेईल, हा विश्वास लाखो चालकांना वाटत नव्हता, हे त्या दोन दिवसांनी दाखवून दिले. हा विश्वास शिक्षा वाढवून किंवा घटवून येत नाही. पहिल्या काही तासांत कायद्याचा जाणकार माणूस जवळ असला, तर तो येतो.

निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्याचा कलम १०६(१) खालील गुन्हा जामीनपात्र आहे. म्हणजे जामीन हा चालकाचा हक्क आहे. पण जामीनदार कोठून आणायचा? 'स्थानिक जामीनदार आणा' या एका वाक्यापाशी परराज्यातील चालकाचा हक्क अडकून पडतो. सर्वोच्च न्यायालयाने यावर १९७८ मध्येच स्पष्ट निर्णय दिला आहे. मध्य प्रदेशातील मोतीराम या गरीब गवंड्याच्या प्रकरणात दंडाधिकाऱ्याने १०,००० रुपयांचा जामीनदार मागितला आणि त्याच्या भावाची मालमत्ता दुसऱ्या जिल्ह्यात आहे म्हणून भावाचा जामीन नाकारला. न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी हा आग्रह समतेच्या तत्त्वाशी विसंगत ठरवला, भारत हा एक देश आहे आणि परस्परांना अस्पृश्य मानणाऱ्या जिल्ह्यांची मोळी नव्हे, अशा आशयाची समज दिली आणि मोतीरामला १,००० रुपयांच्या स्वतःच्या बंधपत्रावर सोडण्याचा आदेश दिला. राष्ट्रीय एकात्मतेचा असा रोखठोक उच्चार न्यायदानात क्वचित झाला असेल. तरीही ३१ जानेवारी २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की स्थानिक जामीनदाराच्या आग्रहामुळे सुटका लांबते, सबब तशी अट घालू नये. एकच गोष्ट पंचेचाळीस वर्षांनी पुन्हा सांगावी लागते, याचा अर्थ ती खालपर्यंत झिरपलेली नाही.

गाडीचेही तसेच. जप्त केलेली वाहने पोलीस ठाण्याच्या आवारात वर्षानुवर्षे गंजत ठेवू नयेत, योग्य बंधपत्र घेऊन ती लवकर सोडावीत, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्ये सांगितले. पण त्यासाठी अर्ज करावा लागतो, अर्जाला वकील लागतो आणि अनोळखी गावात वकील शोधायला वेळ लागतो. एकाच गाडीवर ज्याचे घर चालते त्या मालक-चालकासाठी महिनाभर उभी राहिलेली गाडी म्हणजे चुकलेले हप्ते आणि दारात आलेले वसुलीवाले. येथे विमा कामी येईल असा अनेकांचा समज असतो. विमा कंपनीचा वकील भरपाईच्या दाव्यात कंपनीची बाजू सांभाळतो. चालकावरील फौजदारी खटला ही निराळीच गोष्ट आहे.

यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो गंभीर आहे. नियम मोडणाऱ्यांना वकील पुरवून त्यांची सुटका करायची काय? रस्त्यावर चिरडल्या गेलेल्या पादचाऱ्याचे काय? या आक्षेपाला उत्तर असे, की कायद्याचे साहाय्य म्हणजे दंडमाफी नव्हे. ज्याने वेगमर्यादा ओलांडली त्याने दंड भरावा, ज्याने मद्य पिऊन गाडी चालवली त्याचा परवाना जावा. पण दोष ठरवण्याची रीत न्याय्य असेल, तरच दंडाला नैतिक बळ येते. शिवाय पीडितांच्या बाबतीत कायद्याने अंतराचा अडसर पूर्वीच दूर केला आहे. कलम १६६ मधील १९९४ च्या दुरुस्तीनंतर गुजरातेतील अपघातात मरण पावलेल्याच्या कल्याणच्या कुटुंबाला भरपाईचा दावा ठाणे जिल्ह्यातच दाखल करता येतो. हे योग्यच झाले. अपघातग्रस्तासाठी न्यायाधिकरण त्याच्या गावी येऊ शकते, तर किरकोळ आरोप असलेल्या चालकाची बाजू त्याच्या गावातून ऐकून घेणे अशक्य कसे ठरते?

जगात ही वाट शोधली गेली आहे. अमेरिकेत पन्नास राज्यांचे पन्नास वाहतूक कायदे आहेत. तेथे १९७७ च्या आंतरराज्य करारानुसार, सहभागी राज्याच्या चालकाला दुसऱ्या सहभागी राज्यात किरकोळ गुन्ह्यासाठी अडवले, तर अनामत न घेता, तेथील रहिवाशाप्रमाणेच चलान देऊन पुढे जाऊ दिले जाते. त्याने चलानाची दखल घेतली नाही, तर त्याचे स्वतःचे राज्य त्याचा परवाना निलंबित करते. युरोपीय संघात तर निरनिराळी राष्ट्रे आहेत. तेथील २०१५ च्या निर्देशानुसार परदेशी गाडीच्या मालकाला पाठवायची सूचना त्याच्या नोंदणी-कागदाच्या भाषेत किंवा त्याच्या देशाच्या अधिकृत भाषेत असावी लागते. वेगवेगळी राष्ट्रे एकमेकांच्या नागरिकांसाठी जे करतात, ते एका राष्ट्राची राज्ये परस्परांच्या नागरिकांसाठी करू शकत नाहीत काय?

यासाठी नवा कायदा होईपर्यंत वाट पाहण्याचे कारण नाही. घटनेच्या ३९ अ अनुच्छेदाने मोफत विधी साहाय्य हे राज्याचे कर्तव्य ठरवले आहे. १९७८ मध्ये होसकोट विरुद्ध महाराष्ट्र राज्य या खटल्यात ते न्याय्य प्रक्रियेचे अंग मानले गेले. १९८७ चा विधी सेवा प्राधिकरण कायदा ९ नोव्हेंबर १९९५ पासून अमलात आहे. त्याच्या कलम १२ नुसार स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्ती, अपंग, औद्योगिक कामगार, अल्प उत्पन्न असलेले आणि कोठडीत असलेली कोणतीही व्यक्ती मोफत वकिलाला पात्र आहे. कल्याणचा चालक तेलंगणात कोठडीत असेल, तर त्याचे उत्पन्न न पाहता तेथील प्राधिकरणाने त्याला वकील दिला पाहिजे. तालुका, जिल्हा, राज्य आणि राष्ट्र अशी ही साखळी प्रत्येक राज्यात उभी आहे. १५१०० हा तिचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. कमी आहे ती या साखळीच्या कड्या राज्यांच्या सीमेवर जोडण्याची.

ती जोडणी पुढीलप्रमाणे करता येईल. चालकाच्या कुटुंबाने कल्याणच्या तालुका विधी सेवा समितीकडे अर्ज करावा आणि समितीने तो त्याच दिवशी घटनास्थळाच्या समितीकडे पाठवून नेमलेल्या वकिलाचे नाव कुटुंबाला कळवावे. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम ५३० इलेक्ट्रॉनिक माध्यमातून खटला चालवण्यास मुभा देते आणि कलम २२८ आरोपीला व्यक्तिगत हजेरीतून सूट देऊ शकते. या दोन्हींचा आधार घेऊन केवळ दंडाच्या प्रकरणांत कल्याणच्या न्यायालयातील दूरदृश्य कक्षातून परराज्यातील सुनावणीला हजर राहण्याची सोय उच्च न्यायालयांनी परस्पर समन्वयाने करावी. परराज्यातील वाहनाला पाठवायच्या सूचनेत स्थानिक भाषेबरोबर हिंदी किंवा वाहनाच्या राज्याची भाषा असावी. कलम २०८ मधील टपाल आणि मनिऑर्डरच्या जागी संगणकीय कबुली किंवा नकार, आणि नकारासोबत लेखी म्हणणे व पुरावा पाठवण्याची तरतूद संसदेने करावी. क्रमांकचोरीसारख्या प्रकरणात चलान काढणाऱ्या यंत्रणेनेच, न्यायालयात जाण्यापूर्वी, ठरावीक मुदतीत निर्णय द्यावा.

शासनावर सारे सोपवून समाजाला हात झटकता येणार नाहीत. कल्याण-डोंबिवली, ठाणे आणि भिवंडी येथील वाहतूकदारांच्या संघटना मालाच्या बिल्टीपासून भाड्याच्या दरापर्यंत सर्व विषयांवर एकत्र येतात. त्यांनी आपल्या गाड्या ज्या मार्गांवर नेहमी धावतात त्या मार्गांवरील जिल्ह्यांतील विश्वासू वकिलांची नावे मिळवून ती प्रत्येक चालकाला द्यावीत; दर गाडीमागे अल्प वर्गणी काढून एक विधी साहाय्य निधी उभा करावा; आणि जादा भार भरून दंड चालकाच्या माथी मारणाऱ्या सभासदाला समज द्यावी. कल्याणच्या वकीलवर्गाला शेजारच्या राज्यांतील वकील संघांशी संपर्क साधणे कठीण नाही. आपल्या समाजात सेवाभावाने काम करणाऱ्या संस्थांची वाण नाही. आरोग्य आणि शिक्षणात त्यांनी जे केले, ते कायद्याच्या क्षेत्रातही व्हावे. चालकाचे हक्क आणि कर्तव्ये मराठी, हिंदी, गुजराती, कन्नड आणि तेलुगूत छापलेले एक घडीपत्रक हे त्याचे पहिले पाऊल ठरू शकेल.

आणि याची सुरुवात आपल्या माणसांपासून नव्हे, तर आपल्या दारी आलेल्यांपासून व्हावी. बाजार समितीच्या आवारात रोज पहाटे गुजरात, कर्नाटक, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशच्या क्रमांकाच्या गाड्या उभ्या असतात. त्यांतील एखाद्या चालकाला कल्याणच्या चौकात अडवले जाते, तेव्हा तोही मराठी पावती उलटसुलट पाहत राहतो आणि कल्याणच्या न्यायालयात तोही परकाच असतो. सीमावादाच्या तणावात ६ डिसेंबर २०२२ रोजी बेळगावजवळ हिरेबागेवाडीला महाराष्ट्राच्या मालमोटारींवर दगडफेक झाली, तेव्हा आपल्याला झालेल्या वेदना योग्यच होत्या. त्या वेदनेचे सार्थक व्हायचे तर परराज्यातील चालकाला महाराष्ट्रात सन्मानाने वागवले जाते, त्याची बाजू त्याच्या भाषेत ऐकली जाते आणि त्याचा भाऊ दुसऱ्या राज्यात राहतो म्हणून त्याचा जामीन नाकारला जात नाही, असा अनुभव येथून परतणाऱ्या प्रत्येकाने आपल्या गावी सांगितला पाहिजे.

राष्ट्राचे ऐक्य नकाशावरील रेषांनी ठरते, तसेच ते त्या रेषा रोज ओलांडणाऱ्या सामान्य माणसाच्या अनुभवानेही ठरते. देशाचे धान्य, औषधे, कापड आणि यंत्रे गावोगाव पोहोचवणारा चालक हा या ऐक्याचा नित्याचा वाहक आहे. तो चुकला तर त्याला दंड अवश्य व्हावा. पण बचावासाठी तो उभा राहील तेव्हा आपण आपल्याच देशात आहोत, हे त्याला जाणवले पाहिजे. कल्याणच्या न्यायालयाच्या आवारात परराज्यातील चालकांसाठी एक मदत कक्ष उभा राहण्यास फार मोठा निधी लागणार नाही. तालुका विधी सेवा समिती, वकील संघ आणि वाहतूकदारांच्या संघटना यांनी एकत्र बसून हा निर्णय घ्यावा, असे आमचे त्यांना आग्रहाचे आवाहन आहे.